जावळ बाकी

गोरी बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पुढं जे झालं त्यामुळं नावडती झाली असं कुणी समजू नये, आधीपासूनच नावडती होती. जीपमधून उतरली तीच बूट हातात घेऊन, अनवाणी. आमच्याकडं असंच चालतात असं तिला तिकडं अमेरिकेत कुणीतरी सांगितलं असणार. दारात उभी असलेली माझी एकवीस पोरं, सगळ्यांच्या पायांत बाजारातल्या चपला, तिच्या पांढऱ्या पायांकडं बघत राहिली. दहाव्या पावलाला तिला बाभळीचा काटा लागला आणि मी तो काढत बसले. माझी-तिची ओळख झाली ती अशी, तिची टाच माझ्या मांडीवर.

नांदूरघाटहून आत, एसटीच्या शेवटच्या थांब्यावर उतरून आणखी थोडं चाललं की आमचं गाव. तिथं मारुतीच्या देवळामागं पत्र्याच्या दोन खोल्यांत मी बालवाडी चालवत होते, अजूनही चालवते. संस्था अंबाजोगाईच्या एका लहानशा चर्चची. मी ख्रिस्ती नाही, आमच्या देवघरात खंडोबा आणि भवानी. डी.एड. झालं, भरती निघाली नाही, लग्न झालं, मोडलं, आणि माहेरच्या गावी हे काम मिळालं. गावातले लोक मला 'मिशनवाली' म्हणत, संस्थेतले लोक 'आमची तिकडची बाई' म्हणत, आणि पोरं नुसतं 'बाई' म्हणत. ह्यातलं तिसरं मला पुरत होतं. नऊ वर्षं पुरलं.

मग पाळकसाहेबांनी, म्हणजे त्या चर्चच्या प्रमुखांनी, निरोप दिला की यंदा परदेशातून एक स्वयंसेविका येणार, आठ आठवडे राहणार, वर्ग ती घेईल. "तुम्ही मदतीला राहा, बाई. भाषांतर करा. खिचडीचं बघा." खिचडीचं मी बघतच होते. वर्गाचंही मीच बघत होते, पण ते त्यांच्या हिशेबी कुठं धरलेलं नसावं. मुलगी बावीस वर्षांची. काटा निघाल्यावर तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की तुम्हाला मुलं आवडतात का.

आता माझ्या वर्गातल्या एका पोरीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी लिहायला बसलेय.

आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात नवरा-बायको, भांडी, शेळ्या, लेकरं. सगळे ऊसतोडीला कारखान्यांवर जातात ते उन्हाळ्यातच परततात. लेकरांचं काय करायचं हा दर दिवाळीचा प्रश्न. घरी म्हातारं माणूस असलं तर मागं ठेवतात, नसलं तर फडावर नेतात. फड म्हणजे ऊस तोडायचं रान. तिथं उसाच्या पाचटावर झोपवलेली लेकरं आणि त्यांच्या अंगापासून हातभर अंतरानं मागं सरकणारे ट्रॅक्टर मी एकदा जाऊन बघितलेत. पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

त्या पोरीच्या आईबापाची पहिली मुलगी फडावरच तापानं गेली. ही दुसरी. तेव्हा चार वर्षांची, बारीक, तोंडात सतत अंगठा. पण गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द परत सांगायची, माझं खोकणंसुद्धा जिथल्या तिथं. जूनपासून माझ्याकडं येत होती. हंगामात तिला मागं ठेवावी असं तिच्या आईचं म्हणणं, बाप तयार नव्हता. डोळ्यांसमोर असलेली पोर गेली, डोळ्यांआड ठेवली तर काय होईल, हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी तीन दिवस त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. त्याच्याशी भांडले, त्याच्या आईशी भांडले, आणि तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाले की पहिलीला तुम्हीच मारलीत, आता हिला तरी जगू द्या. हे बोलायला नको होतं.

शेवटी तो म्हणाला, "एक हंगाम ठिवतो, बाई. तुमच्या शब्दावर. पोरीला काई झालं तर मी यीन अन् घीऊन जाईन. मग पुन्हा साळंचं नाव काढायचं न्हाई."

मी हो म्हणाले. जिंकले होते, हो म्हणायला काय जातंय.

निघायच्या आदल्या दिवशी आई मला भेटायला बालवाडीत आली. पहिली मुलगी गेल्यावर तिनं देवीला बोललं होतं, की दुसरी जगली तर पाच वर्षं तिच्या केसांना लोखंड लावणार नाही. हंगाम संपवून परत आलं की पोरीला पाच पूर्ण होणार होती. तेव्हा सिरसाळ्याच्या मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, देवीला वाहायचं, गावाला जेवण द्यायचं. मामा तिथल्या बाजारात हमाली करायचा, त्यानं बोकडसुद्धा बघून ठेवला होता. "तेवढं सांबाळा," आई म्हणाली. "मारा, झोडा, का मारलं म्हनून इचारनार न्हाई. पर केसाला कात्री न्हाई."

भिंतीवर माझा एक तक्ता असतो. मी आजारी पडले आणि दुसरं कुणी वर्गावर आलं तर त्याला कळावं म्हणून प्रत्येक पोराचं नाव आणि नावापुढं एक ओळ. हा शेंगदाणे चावत नाही, गिळतो. ही झोपेत दचकते, जवळ बसा. ह्याचा बाप पिऊन न्यायला आला तर पोरगं देऊ नका. त्या पोरीच्या नावापुढं मी आईच्या समोर लिहिलं: केसांना कात्री नाही. जावळ बाकी. आईला वाचता येत नव्हतं, तरी माझं लिहून होईपर्यंत ती तक्त्याकडं बघत उभी राहिली.

ट्रॉल्या गेल्या आणि आठवड्याभरात गोरी बाई आली.

वर्ग घेऊ लागली म्हणजे काय, जमिनीवर लोळू लागली. आणि टाळ्या. पोरानं रेघ ओढली, टाळ्या. नाक शिंकरलं, टाळ्या. लघवीला जाऊन चड्डी नीट वर ओढून आलं, टाळ्या. नऊ वर्षांत मी केलं नसेल एवढं कौतुक तिनं पहिल्या आठवड्यात वाटून टाकलं. पोरं तर लबाडच, सगळी तिच्या मांडीवर. माझ्याकडं कोण यायचं, तर ज्याला शेंबूड पुसून हवा तो. त्या पोरीनंसुद्धा अंगठा तोंडातून काढला तो गोरीचं बोट धरायला. जूनपासून मी त्या अंगठ्याशी झगडत होते, कडुनिंब लावून झाला होता, धाक घालून झाला होता.

रडायचीही फार. पोरांचे फाटके स्वेटर बघून रडायची, कुणाच्या आजीनं भाकरी दिली म्हणून रडायची, आणि रडून झालं की वहीत लिहायची. प्रार्थना मात्र तिनं पोरांकडून कधी म्हणवून घेतली नाही, हे खरं आहे ते सांगायला हवं. सकाळी एकटीच कोपऱ्यात डोळे मिटून बसायची, तेवढंच. गावाला तेवढंही पुष्कळ होतं. देवळासमोरच्या पारावर पुढारपणा करणारी तीन-चार माणसं दिवसभर बसून असायची. स्वतःची लेकरं व्हॅननं केजच्या इंग्रजी शाळेत, आणि नजर माझ्या बालवाडीवर. मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची, "काय बे, औंदा किती जनं बाटवनार हाय मिशनवाली?" मी म्हणायचे, "तुमच्यापासूनच सुरुवात करते, या." त्यावर ती हसायची, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

गोरीच्या एका गोष्टीचं मला हसू यायचं. दुपारी ती पोरांच्या ओळीत पाटी घेऊन बसायची आणि अक्षरं गिरवायची. क उलटा काढायची. पोरं ओरडायची, "उलटा हाय, उलटा!" चुकलं की मी पोरांना 'माझं चुकलं' म्हणायला लावते, ही माझी जुनी शिस्त. पोरं तिलाही तेच लावायची. ती हात जोडून म्हणायची, "माझं चुकलं," आणि पोरं लोळायची हसून. सहाव्या आठवड्यात ती दुकानाची पाटी बोट ठेवून वाचायला लागली, कि, रा, णा. मला वाटायचं, दोन महिन्यांची पाहुणी, अक्षरं शिकून काय दिवे लावणार आहे.

तो नाताळच्या आधीचा शनिवार होता. पाळकसाहेब जीप घेऊन आले, बरोबर एक कॅमेरावाला. तिकडच्या चर्चला पाठवायला फोटो हवे होते. पोरांना ओळीनं बसवलं, मधे गोरी, तिच्या मांडीवर ती पोर. मी पोरांच्या मागं उभी राहिले, दरवर्षी राहते तशी. कॅमेरावाला म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला." मला वाटलं उजेड अडतोय. एक पाऊल सरकले. "अजून. पूर्ण बाहेर या." पाळकसाहेब फोनवर बोलत होते. काय चाललंय म्हणून गोरीनं माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर केलं नाही. बाजूला झाले, आणि खिचडी लावायला गेले.

जीप गेल्यावर तासाभरानं ती चुलीपाशी आली, पोरीचा हात धरून. आई फडावर गेल्यापासून पोरीच्या केसांतून फणी फिरली नव्हती. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ती नुसतं तेल थापायची. कानामागं केसांचा गुंता घट्ट बसला होता, त्यात उवा, आणि खाजवून खाजवून जखम झालेली, पिकलेली. हे मलाही दिसत होतं. रोज दिसत होतं, आणि मी रोज उद्यावर ढकलत होते, कारण आता ती पोर गोरीच्या मांडीवरची होती. गोरी चार दिवस जखमेला मलम लावत होती. तिनं मला इंग्रजीत विचारलं. नीट विचारलं, हे आज मान्य करते. म्हणाली, औषध आतपर्यंत पोचत नाही, जखमेभोवतीचे केस कापले तर चालेल का? तुमच्याकडं केसांचं काही असतं का, मला माहीत नाही, म्हणून विचारतेय.

असं विचारलं तिनं. तुमच्याकडं केसांचं काही असतं का.

मी पातेल्यात पळी फिरवत होते. वळलेसुद्धा नाही. म्हणाले, "वर्ग तुझा आहे. तुला हवं ते कर."

ती आभार मानून गेली. चुलीच्या खोलीतून वर्गाच्या खोलीत जायला सात पावलं. तिनं पत्र्याचा डबा उघडला तो मला ऐकू आला. मग कात्री. कागद कापायची आमची बोथट कात्री, केसांवर अडखळत चालत होती. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. थांब, एवढाच. मी मीठ टाकलं, चव घेतली, पुन्हा मीठ टाकलं. त्या दिवशीची खिचडी एवढी खारट झाली की पोरांनी खाल्ली नाही. आणि मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण आतून बरं वाटत होतं. बघू दे आता गावाला तुझं कौतुक, असं मनात चाललं होतं. पोरीचा विचार आलाच नाही. बापाला दिलेला शब्द आठवला नाही, आई तक्त्यासमोर उभी होती ते आठवलं नाही. मला तो कॅमेरावाला तेवढा आठवत होता.

दुपारी आजी पोरीला न्यायला आली. तिला दिसायचं नाही, म्हणून ती आधी पोरीच्या तोंडावरून, मग डोक्यावरून हात फिरवायची. हात कानामागं गेला आणि थांबला. गोरीनं आधी जखमेपुरतेच कापले होते, मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पलीकडचे घेतले, आणि हात चालतोच आहे तर मानेवरचेही.

"कुनी कापले?" आजीनं विचारलं. हळूच विचारलं.

ती जमिनीवर बसली आणि चाचपत केस गोळा करायला लागली. गोरीनं ते केरात लोटले होते. आजी त्या केरातून, खडूच्या चुऱ्यातून, पेन्सिलीच्या सालपटांतून बोटाला लागेल तो केस उचलून पदरात टाकत होती. मग तिनं गळा काढला. "जावळ होतं गं, बायांनो! देवीचं जावळ होतं! लेकीला माज्या आता काय तोंड दावू!" सुनेला ती लेकच म्हणायची.

अर्ध्या तासात दारात सगळं उरलंसुरलं गाव. पारावरचे सगळ्यात पुढं, त्यांना आयतंच मिळालं. "आमी म्हनत न्हवतो? आज केस कापले, उद्या धर्म कापत्याल." "हाकला बे हिला." पत्र्यावर दगड पडला, मग दुसरा पडला. आतली पोरं रडायला लागली. गोरी दारात उभी, चेहरा पांढरा फटक, हातात अजून ती मलमाची ट्यूब. तिला सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकू येत होता, जावळ, जावळ. ती मला विचारत होती, त्याचा अर्थ काय, सांगा ना, त्याचा अर्थ काय. मी सांगितला. तेव्हा सांगितला.

कुणीतरी म्हणालं, "अन् बाई, तुमी कुटं होता?"

"मी चुलीपाशी होते," मी म्हणाले. "मला काय माहीत ही आत काय करतेय." आणि तिच्याकडं बोट केलं.

ते बोट तिला कळलं. ती पायरी उतरून पुढं गेली, आजीसमोर वाकली, हात जोडले आणि पोरांनी शिकवलेलं तेवढं एकच वाक्य म्हणाली, "माझं चुकलं." गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती पुन्हा म्हणाली, "माझं चुकलं."

बाप तिसऱ्या दिवशी आला. कारखाना कोल्हापूरकडचा, लांबचा पल्ला, मुकादमानं जेमतेम सोडलं होतं. अंगावर फडातलेच कपडे, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी भांडायच्या तयारीनं बसले होते. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तो ओरडला नाही. गोरी पुन्हा हात जोडून त्याच्या वाटेत उभी राहिली, तर तिला वळसा घालून माझ्यासमोर आला.

"ती परकी हाय, बाई," तो म्हणाला. "तिला काय म्हाईत. मी पोर तिच्यापाशी न्हवती ठिवली."

मी पुन्हा तेच सुरू केलं, मी चुलीपाशी होते, मला कळलंच नाही. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "तुमी म्हनला होता, पयलीला आमीच मारली. मी त्याच्यावर काई बोललो न्हाई. आता हिला मी माज्या डोळ्यांम्होरं ठिवतो."

त्यानं पोरीला कडेवर घेतलं. तिला वाटलं आईला भेटायला चाललोय, ती खुशीत होती. कापलेल्या केसांवर आजीनं फडकं बांधलं होतं. दारातून वळून मला म्हणाली, "बाई, कोल्ह्याचं पुढचं उंद्या सांगा." मी पारापर्यंत त्यांच्या मागं गेले. बापानं एकदा मागं बघितलं, तशी थांबले.

गोरीचे दोन आठवडे उरले होते. पाळकसाहेबांनी तिला अंबाजोगाईला बोलावून घेतलं, ती गेली नाही. रोज यायची आणि वर्गात सगळ्यात मागं बसायची. वर्ग परत माझ्याकडं आला होता, मिळाला एकदाचा. एकविसाची चौदा पोरं झाली होती. संध्याकाळी ती आजीच्या घरी पाणी घेऊन जायची. आजी दार लावून घ्यायची, मग ही घागर दारात ठेवून परत यायची. मला ते बघवत नव्हतं. एकदा म्हणाले, पुरे कर ही नाटकं. तर म्हणाली, मी केलंय, मलाच निस्तरायला हवं. मी तिच्या तोंडावर हसले.

शेवटच्या दिवशी जीप दारात उभी होती. ती पोरांच्या पाट्या पुसून रचून ठेवत होती. मग भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली. पोरांची नावं तिला वाचता यायला लागली होती. एकेका नावावर बोट ठेवत, तोंडानं पुटपुटत ती खाली येत होती, निरोप घेत असावी. त्या पोरीच्या नावाशी बोट थांबलं. मग ओळीनं पुढं सरकलं. मी दारात पातेलं घासत बसले होते. के. सां. ना. तिला वेळ लागत होता. का. त्री. कात्री तिला माहीत होती, वर्गात रोज लागायची. ना. ही. पुढचा शब्द तिनं अक्षरं न फोडता एका दमात वाचला, कारण तो तिनं सबंध गावाकडून ऐकला होता.

तिनं फळ्याकडं बघितलं. फळ्यावर सकाळचं माझं अक्षर होतं. पुन्हा तक्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

माझी उत्तरं तयार होती. तू विचारलंस तेव्हा चुलीचा धूर होता, मला नीट ऐकू आलं नाही. मी विसरले. तू वर्ग घेतेस तर तक्ता वाचून घ्यायचा होतास. हातातली राख तशीच धरून मी तिच्या विचारण्याची वाट बघत बसले. तिनं विचारलं नाही. उठताबसता रडणारी बाई, ह्यावर रडलीसुद्धा नाही. पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यावर बसून बूट घातले, "येते, बाई," म्हणाली, मी शिकवलं होतं तसंच, आणि गेली.

महिन्याभरानं पाळकसाहेब आले. म्हणाले, तिनं तिकडून लिहून पाठवलंय, चूक सगळी माझी, बाईंचा ह्यात काही दोष नाही, त्यांना कामावरून काढू नका. "देवमाणूस आहे पोरगी," ते म्हणाले. मी मान हलवली आणि घरी येऊन तिला एकटीच बसून तोंडभर शिव्या दिल्या. तिनं गावात सांगितलं असतं तर मी नाही म्हणाले असते, भांडले असते. भांडणात मी सहसा हरत नाही. तिनं ती संधीच ठेवली नाही. कुणी मागितली होती तिची दया? अजूनही तिचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. केस कापले म्हणून नाही. गप्प बसली म्हणून.

ह्याला सहा वर्षं झाली. पोर तेवढी वाचली, ताप नाही, ट्रॅक्टर नाही, काही नाही. उरलेल्या केसांचं जावळ त्याच उन्हाळ्यात सिरसाळ्याच्या मामाच्या मांडीवर झालं, सगळं गाव जेवलं, मला बोलावणं नव्हतं. बापानं शब्द पाळला. मी दोनदा त्यांच्या उंबऱ्यावर गेले, दोन्ही वेळा आईनं मला बघून आतून कडी लावली. पोर दर हंगामाला त्यांच्याबरोबर जाते. आईबाप पहाटे फडात जातात आणि ही मागं खोपीत चौघांच्या भाकरी थापते. पावसाळ्यात गावच्या शाळेच्या पटावर तिचं नाव असतं, पण ती तिथं मधूनमधून नुसती बसून येते.

यंदा दिवाळीनंतर ट्रॉल्या भरत होत्या, तेव्हा ती बालवाडीच्या दारात आली. दहा वर्षांची, उंच झालेली, कमरेवर तीन वर्षांची धाकटी बहीण. आई लांब पाराशी उभी होती, माझ्याकडं पाठ करून.

"बाई, हिला ठिवून घ्या," पोर म्हणाली. "रातीला आजीपाशी निजंल. फडावर लई तरास देती. हिला घीऊन माज्यानं भाकरी हुईनात. बापू न्हाईच म्हनत होता, मी भांडले त्याच्यासंगं."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी कशी ऱ्हाऊ?" ती म्हणाली. मी काहीतरी भलतंच विचारलंय असं तिच्या तोंडावर होतं.

मग तिनं आत भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं. तक्ता नवा आहे, जागा तीच. "हिचं जावळ ऱ्हायलंय, बाई. तितं लिवून ठिवा."

मी पेन घेतलं. धाकटीचं नाव लिहिलं आणि पुढं ओळ लिहिली. माझं लिहून होईपर्यंत ती तक्त्याकडं बघत उभी राहिली.

"काय लिवलं, वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. तिनं एकदाच ऐकलं आणि अंगठा मुठीत दाबत शब्दाला शब्द परत म्हणाली, "केसांना कात्री नाही. जावळ बाकी." मग बहिणीला माझ्या कडेवर दिलं आणि ट्रॉलीकडं पळत गेली.